दुपारची पाळी

जयाने बाळाची मांडी दोन बोटांत धरली, सुई टोचली, आणि ते रडायला लागण्याआधीच पुढच्या बाईला मानेने खूण केली. अंगणवाडीच्या ओट्यावर आया रांगेने बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावर टॅब्लेट उघडा होता. त्यात बाळाचं नाव, आईचं नाव, लसीच्या बाटलीवरचा नंबर असं सगळं तिथल्या तिथे भरायचं होतं, आणि रेंज नव्हती. एका हाताने कापूस दाबत जया दुसऱ्या हाताने तो टॅब्लेट खिडकीकडे तिरका करत होती.

"बाय," कुणीतरी म्हणालं.

"मांडीवर चोळायचं नाही. ताप आला तर थेंब द्यायचे," जयाने मान वर न करताच सांगितलं.

"ते ठाव आहे. पोराकडं बघ तरी. तुझ्याकडं बघून हसतंय."

जयाने वर पाहिलं. समोर तानूबाई होती. दमणगंगेपलीकडच्या या पाड्यावरची म्हातारी. सून राखोलीच्या कंपनीत जायची, म्हणून नातवाला मांडीवर घेऊन दर वेळी हीच यायची. बाळ खरंच हसत होतं, बोळक्या तोंडाने, सगळ्या अंगाने. जयाने ओठ थोडे हलवले. मग सुई भरून घेतली.

दुपारी शेवटची बाई गेली तेव्हा सोनमने लशींचा डबा बंद केला, दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या आणि आपला जेवणाचा डबा उघडला. सोनम आरोग्य केंद्रातली नवी नर्स. नवापूरकडची मुलगी, कोर्स संपवून सरळ इथे आलेली. ती रोज अशाच खुर्च्या लावायची, आणि जया रोज काहीतरी कारण काढून टॅब्लेटपाशी बसून जेवायची.

"ताई, आज भेंडी आहे. घ्या ना थोडी."

"घे तू. मला हे भरायचंय अजून."

सोनमबद्दल जयाच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलगी कामाची होती, हात हलका होता. पण जुनी जोडीदारीण भक्ती नोकरी सोडून गेल्यावर तिच्या जागी आधी एक वलसाडची आली, ती लग्न ठरल्यावर गेली. मग एक आली, तिला सुरतच्या मोठ्या हॉस्पिटलात काम मिळालं. पहिलीला जयाने घरी बोलावून शेवभाजी खाऊ घातली होती. दुसरीला पाडे दाखवले होते, कोणत्या घरी कुत्रा आहे तेसुद्धा. सोनमला तिने अजून हेही विचारलं नव्हतं की घरी कोण कोण असतं. जाणाऱ्या माणसाची इतकी माहिती घेऊन करायचं काय?

जेवता जेवता फोन वाजला. भक्तीचं नाव पाहून जया उठून अंगणवाडीच्या मागे गेली.

"अगं, आमच्याकडे जागा निघालीय," भक्ती म्हणाली. सगळं एका दमात बोलायची तिची सवय गेली नव्हती. "कंपनीच्या दवाखान्यातच. नर्सची. मी तुझं नाव सांगून ठेवलंय. रविवारी माझी ड्यूटी आहे आणि आमचे मॅनेजर मिलिंद सरही येणार आहेत, तेव्हाच ये, मीही भेटेन. जया, नाही म्हणू नकोस."

जयाने नाही म्हटलं नाही. फोन ठेवल्यावरही ती तिथेच उभी राहिली. 'मीही भेटेन' एवढंच तिच्या कानात राहिलं होतं.

भक्ती होती तेव्हा काम कमी होतं असं नाही. पाडे तेवढेच होते, दोन जागा तेव्हाही रिकाम्याच होत्या, डॉक्टर तेव्हाही वर्षा-दोन वर्षांनी बदलायचे. पण भक्ती स्कूटर चालवायची आणि जया मागे लशींचा डबा मांडीवर घेऊन बसायची, आणि खडोलीचा चढ येईपर्यंत दोघींचं बोलणं संपायचं नाही. भक्ती डहाणूची, डब्यात सुक्या बोंबलाची चटणी आणायची. जया ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करायची. कुठल्या घरी वाईट बघून आलं, एखादं बाळ हातचं गेलं, की परतताना भक्ती नदीच्या पुलावर गाडी उभी करायची आणि म्हणायची, "हं, बोल." मग जया बोलायची. कधी दोघी गप्पच खाली पाण्याकडे बघत राहायच्या. मग गाडी चालू व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला जाता यायचं.

पुढे पुढे दिवसाचं काम संपल्यावर टॅब्लेटचं काम सुरू व्हायला लागलं. महिनाअखेरीच्या बैठकीत कुणाचे आकडे मागे आहेत ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायला लागले. भक्ती हसत असायची, आणि हसता हसता एके सकाळी तिला स्कूटर स्टँडवरून उतरवता येईना. गाडीला काही झालं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं होतं आणि ती नुसती उभी होती. जयाने तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. "अंगात काही राहिलंच नाही गं," भक्ती म्हणाली, एखादी वस्तू संपल्याचं सांगावं तशी. काही महिन्यांनी ती सायली गावातल्या एका कंपनीच्या दवाखान्यात लागली.

घरी नवनाथला जयाने जागेबद्दल सांगितलं तेव्हा तो पाळीवरून येऊन पाय धूत होता. धागा बनवणाऱ्या कारखान्यातलं काम. कानात मशीनचा आवाज राहायचा, म्हणून तो घरी जरा मोठ्यानेच बोलायचा. दोघं साक्री तालुक्यातली, आणि घरात बोलताना तिकडची अहिराणी अजून मध्येच यायची.

"मंग जाय ना," तो म्हणाला. "कसानी वाट देखस?"

"इतकी वर्षं झाली तिथे."

"त्येच ना." त्याने टॉवेल घेतला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "गुड्डीचा फोन येतो ना नाशिकहून, तर तू हं-हं करत दुसरंच काही भरत राहतेस. पोरगी मला विचारते, आईला काय झालंय."

जयाला हे माहीत नव्हतं. तिने विळी घेतली आणि कांदा चिरायला बसली.

रविवारी सायलीत कंपनीच्या गेटवर जयाला गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं. दवाखाना म्हणजे एक थंड, पांढरी खोली. खाटेवरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. काचेच्या कपाटात बँडेजं, मलमं, गोळ्या, सगळं ओळीने, आणि कशाचीच कमी नव्हती. टेबलामागून भक्ती उठली. ती अंगाने भरली होती. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. तिने जयाला मिठी मारली आणि सोडलीच नाही.

"किती वाळलीस गं."

"तू छान दिसतेस."

"झोपते ना," भक्ती म्हणाली. "जया, मी झोपते! घरी गेले की घरीच असते. बीपीची गोळीपण बंद झाली."

मशीनमधला गोड चहा आला. भक्तीने तो हातात नुसता धरून ठेवला आणि विचारायला सुरुवात केली. तानूबाईच्या सुनेला मुलगा झाला की मुलगी? तिचे पाय सुजायचे, ते उतरले का? वरच्या पाड्यावरचा तो दारू पिणारा, त्याच्या बायकोने ऑपरेशन करून घेतलं का शेवटी? जया सांगत होती आणि भक्ती पुढे वाकून ऐकत होती. मधूनच म्हणायची, "हो? खरंच?" आपण सांगतोय त्या माणसांविषयी आपल्यालाही बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटतंय, हे जयाच्या सांगता सांगता लक्षात आलं. तानूबाईचं नातवंड कसं हसतं ते तिने हसून दाखवलं.

तेवढ्यात दार ढकलून एक कामगार आत आला. निळा गणवेश, हाताला गुंडाळलेलं फडकं, फडक्यातून रक्त.

"काय केलंस, बारकू?" भक्ती उठली.

"पत्र्याची पट्टी लागली, सिस्टर. धार होती तिला."

भक्तीने त्याला बसवून हात नळाखाली धरला. जया पाहुणी होती, तिने बसून राहायला हवं होतं. पण भक्तीने हात मागे केला तेव्हा जयाने त्यात गॉज आधीच ठेवलं होतं. मग औषधात भिजवलेला कापूस, मग चिकटपट्टीचा तुकडा, योग्य मापाचा, भक्तीने न मागता. जयाने त्याचं मनगट वर धरलं, भक्तीने बोटाभोवती फेरे घेतले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. चार हात एकाच माणसाचे असावेत तसे चालत होते. भक्ती नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होती, पूर्वी गुणगुणायची तसंच, सूर सोडून.

"आज दोन दोन सिस्टर," बारकू हसत म्हणाला. "अपना तो नसीब खुल गया."

तो गेला. दोघींनी एकदमच बेसिनकडे हात नेले आणि एकाच धारेखाली धुतले. जयाने नळ जरुरीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवला.

मिलिंद सर पुण्याचे, सौम्य बोलणारे. त्यांनी तिचे कागद चाळले, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "भक्ती मॅडमनी सांगितलंय म्हणजे प्रश्नच नाही. जागा दुसऱ्या पाळीची आहे. दुपारी तीन ते रात्री अकरा. कंपनीची बस घरापर्यंत सोडते."

"आणि भक्ती?"

"त्या पहिल्या पाळीला. सात ते तीन."

"पुढे कधी बदलतं का? म्हणजे, दोघी एका वेळी?"

"एका वेळी दोघींना काम काय असणार, मॅडम?" ते म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती, नवल होतं. "सुट्ट्यासुद्धा वेगवेगळ्याच द्याव्या लागतील. एकीला दुसरीची जागा बघावी लागेल ना."

जया परत दवाखान्यात आली तेव्हा भक्ती खाटेच्या कडेवर बसली होती. तिने मान वर करून पाहिलं, आणि मग चादर नीट करायला लागली. चादर नीटच होती.

"तुला माहीत होतं," जया म्हणाली.

"होतं."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?" भक्ती थांबली. "तू जरा लवकर आलीस, पावणेतीनला वगैरे, तर पंधरा मिनिटं मिळतील, जया. रोज. आत्ता तेवढीसुद्धा कुठे मिळतात?"

जयाने तिच्याकडे पाहिलं. तब्येत सुधारलेली, झोप झालेली, सुखी बाई. त्या थंड खोलीत दिवसभर एकटी.

"येईन," ती म्हणाली.

आरोग्य केंद्रात तिने आधी डॉक्टर अनिकेतना सांगितलं. ते पुढच्या शिक्षणाच्या परीक्षेची तयारी करत होते, पुस्तकात बोट ठेवून त्यांनी ऐकलं. "मीही मार्चनंतर इथे नसेन, सिस्टर," ते म्हणाले. "तुम्हाला अडवायला मला तोंड नाही. पण तुमचा निरोप समारंभ नीट करू."

सोनमला तिने पाड्यावरून परतताना रिक्षात सांगितलं. रिक्षा भरलेली होती. दोघी डबा मध्ये घेऊन मागे आखडून बसल्या होत्या.

"अच्छा," सोनम म्हणाली. मग रस्त्याकडे बघत, "चांगली कंपनी आहे, ताई. पगार वेळेवर असतो."

"तुला काही विचारायचं असेल तर विचारून घे. मी आहे महिनाभर."

"हो ताई."

सोनमने काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एकच खुर्ची ओढली आणि डबा उघडून जेवायला लागली. जया टॅब्लेटपाशी बसून होती. तिने एकदा-दोनदा तिकडे पाहिलं. उठून दुसरी खुर्ची आपण लावायला काय हरकत होती? पण इतक्या दिवसांनंतर ते कसं करायचं, ते तिला समजेना. सोनम जेवून हात धुवायला गेली तेव्हा डब्यात थोडी भाजी उरलेली होती. जया त्या भाजीकडे बघत राहिली.

शेवटच्या दिवशी केंद्राच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. शाल आणली होती, नारळ होता, समोसे होते. आशा कार्यकर्त्यांनी रांगोळी काढली होती. डॉक्टर अनिकेत चांगलं बोलले. जयाने पाड्यापाड्यांत मिळवलेल्या विश्वासाबद्दल बोलताना त्यांना दोन पाड्यांची नावंही आठवली. टाळ्या झाल्या. मोबाईलवर फोटो निघाले. जयाने हसऱ्या चेहऱ्याने खोलीभर नजर फिरवली, एकदा, मग पुन्हा.

"सोनम कुठंय?"

"नदीपलीकडं गेली," एक आशाताई म्हणाली. "बोलली, आजच जायला पाहिजे. काहीतरी राहिलंय तिचं तिकडं."

आज तिकडे लसीकरण नव्हतं. वजनं गेल्या आठवड्यात झाली होती. तिकडे कुणाचंच काही राहिलेलं नव्हतं, हे जयाला माहीत होतं. भक्तीच्या निरोपाच्या दिवशी जयासुद्धा अशीच नदीपलीकडे गेली होती. पाड्यावर काही काम नव्हतं. अंधार पडेपर्यंत ती या ओट्यावरून त्या ओट्यावर बसत राहिली होती, आणि परत आली तेव्हा खुर्च्या आत गेल्या होत्या.

तिने समोशाची बशी खाली ठेवली. शाल खांद्यावर तशीच होती. "येतेच," असं कुणाकडेही न बघता म्हणून ती रस्त्यावर आली, आणि पुलाकडे जाणाऱ्या पहिल्या रिक्षेला तिने हात केला.

सोनम तानूबाईच्या ओट्यावर होती. मांडीवर बाळ झोपलेलं. तिने जयाला येताना पाहिलं आणि मान खाली घालून बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं करायला लागली. तानूबाई दारात बसून डाळ निवडत होती.

जया सोनमशेजारी बसली. बाळाने झोपेतच ओठ चोखले.

"तुम्ही कशाला आलात, ताई? तिकडे सगळे वाट बघत असतील."

"बघू दे."

"मला भाषणं ऐकायला नाही आवडत," सोनम म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न चालला होता.

"घरी कोण कोण असतं गं तुझ्या?" जयाने विचारलं.

सोनमने झटकन वर पाहिलं. डोळे भरलेले होते आणि त्यांत थोडा रागही होता. "आत्ता विचारताय?"

जयाने शाल काढून घडी केली, मांडीवर ठेवली. पलीकडून राखोलीच्या कारखान्याचा भोंगा ऐकू आला. पाळी सुटली असावी.

"आई असते," भोंगा थांबला तेव्हा सोनमच म्हणाली. "आणि दोन भाऊ. आईला वाटतं, मी इथे खूप मोठी कुणीतरी आहे."

दोघी हसल्या. बाळ हललं म्हणून लगेच गप्प झाल्या. मग सोनम बोलत राहिली, आईचं, भावांचं, तिच्या नवापूरच्या शाळेचं. जया ऐकत होती. तिच्या हातात टॅब्लेट नव्हता, कुणी रांगेत नव्हतं, आणि ती सोनमच्या चेहऱ्याकडे बघत होती. या मुलीच्या हनुवटीवर तीळ आहे, हे तिला आज दिसलं.

"माझी पाळी दुपारची आहे," सोनम थांबली तेव्हा ती म्हणाली. शब्द घाईने आले. "तीनला. सकाळी मी मोकळीच असणार आहे. इकडे येत जाईन ना मी. तुला काही अडलं, कधी एकटं वाटलं, तर... अशीच येत जाईन."

सोनमने मान हलवली.

तानूबाईने डाळीतला खडा उचलून अंगणात टाकला. "भगतीबायपन हेच बोलून गेलती," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भक्ती खोटं बोलली असंही तिला सुचवायचं नव्हतं. एक बाई होती, असं म्हणाली होती, एवढंच. सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकत ती उठली आणि आत गेली. काटक्या मोडल्याचा आवाज आला, मग पातेल्यात पाणी पडल्याचा. या ओट्यावर इतकी वर्षं जयाने कधी काही मागितलं नव्हतं आणि तानूबाईने कधी काही विचारलं नव्हतं. कोरा, भरपूर साखरेचा चहा आपोआप हातात यायचा.

"बाय," तानूबाईने आतून आवाज दिला, दूरच्या गावाहून आलेल्या पाहुणीला द्यावा तसा, जरा अदबीने. "तुला साखर किती घालू?"